चार गोण्यांमागं एक, आणि वर तीन किलो

आबा, आपला वाद अर्धवट राहिला. जे ओलं नाही त्याला पाणी म्हणायचं का? तुम्ही म्हणायचात, न्हाई. मी म्हणायचे, म्हणावंच लागतं. सात-आठ वर्षं आपण यावर भांडलो आणि दर वेळी तुमच्या गावची एसटी लागली म्हणून भांडण थांबलं. आता मी एकटीच बोलणार आणि तुम्हाला मधे तोंड घालता येणार नाही. मला याची सवय नाही.

रडायचं काम तुमच्या मंडळी, म्हणजे आमच्या मावशी, आणि तुमच्या लेकी करताहेत. ते मला जमत नाही. झालं ते क्रमानं मांडणं जमतं, म्हणून तेच करते. शिवाय एका गोष्टीत मी तुमच्याशी खोटं बोलले होते. त्याचा निकाल लावल्याशिवाय माझ्यापुरतं हे संपत नाही.

दौंडला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमची माती-पाणी तपासायची लॅब होती. दोन खोल्या, एक भट्टी, एक काट्याचा तराजू आणि मी. बीएस्सी केमिस्ट्री, नोकरी तात्पुरती, दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर. शेतकरी पिशवीत माती आणायचे, चार दिवसांनी चिठ्ठी न्यायचे. चिठ्ठीवर काय टाकायचं आणि किती टाकायचं ते लिहिलेलं. का टाकायचं, हे कुणी विचारत नसे आणि मी सांगत नसे.

तुम्ही माती उपरण्याच्या टोकात बांधून आणलीत. गाठ सोडली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि मला म्हणालात, "ताई, खारट न्हाई. साबणावानी लागती."

मी म्हटलं, "आबा, माती खायची नसते, तपासायची असते."

"मेंढरं आधी चाटून बगत्यात. मग खायचं का ते ठरवत्यात. त्यांची लॅब तोंडात."

चार दिवसांनी या म्हटलं, तर म्हणालात बसतो. आणि खरंच बसलात. दुपारी मी डबा उघडला तेव्हा तुम्हीही भाकरी सोडलीत. त्या दुपारी कळलं की तुमचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला, दर हिवाळ्यात कोकणात उतरायचं आणि पावसाआधी वर यायचं. गुडघे गेले तेव्हा कळप विकलात आणि कालव्याच्या शेवटाला असलेल्या तीन एकरांवर येऊन बसलात. ती जमीन चोपण. उन्हाळ्यात वर पांढरी साय, पावसात नुसतं चिखलाचं कालवण, पाणी आठ-आठ दिवस गढूळ उभं. पेरलेलं उगवत नव्हतं. रेल्वेत असलेला तुमचा मुलगा म्हणत होता, वरची माती वीटभट्टीला देऊन टाकू, तेवढीच कामाची. तुम्ही त्याच्याकडून एक वर्ष मागून घेतलं होतं.

तपासणी काय सांगणार ते मला आधीच माहीत होतं. मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं. ते सुटत नाही तोवर माती पाणी आत घेत नाही. त्यावर उपाय जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. कॅल्शियम येतं, सोडियमला हुसकतं, त्याची जागा घेतं. सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर चरातून निघून जातं.

तुम्हाला घालवायचं म्हणून मी दोन बाटल्या घेतल्या. दोन्हीत तुमचीच माती आणि पाणी घालून हलवलं. एकीत चमचाभर जिप्सम टाकलं. म्हटलं, बघत बसा. वाटलं होतं कंटाळून उठाल. तुम्ही तासभर हलला नाहीत. एका बाटलीत चहासारखा गढूळपणा तसाच राहिला. दुसरीत माती हळूहळू खाली बसली आणि वर पाणी निवळलं, इतकं की पलीकडचे खिडकीचे गज दिसायला लागले. हा प्रयोग मी कॉलेजात केला होता, मार्कांसाठी. तुम्ही उठून त्या बाटलीमागं आपला हात धरलात आणि पाण्यातून स्वतःची बोटं पाहिलीत. मग मीही पाहिली.

"ताई, एका कॅल्शियमनं किती सोडियम हाकललं?"

"एकानं दोन."

"म्हंजी एका किलोनं दोन किलो?"

"नाही आबा. किलो नाही, डोकी मोजायची. कॅल्शियमचं एक डोकं सोडियमची दोन डोकी हाकलतं."

"डोकी दिसत्यात?"

"नाही."

"मग मोजता कशी?"

"वजनावरून."

मला वाटलं, झालं, सुटले. पण तुम्ही म्हणालात, "लोकरीवानी म्हंजी."

मला कळलं नाही. तुम्ही मला समजावलंत, मी बीएस्सी, तुम्ही चौथी. लोकर कातरून झाली की पोती तोलायची. मेंढरामागं साधारण अर्धा किलो निघते. चाळीस किलो भरली म्हणजे कळप ऐंशीचा होता. कळप न बघता नुसत्या पोत्यावरून तुम्ही डोकी सांगायचात. "पर शेळीच्या केसाचं माप वायलं. मेंढराचं माप शेळीला लावलं की डोकी चुकली."

मोलची व्याख्या मी अकरावीपासून पाठ म्हणत होते. ठरावीक संख्येचे कण म्हणजे एक मोल. कॅल्शियमचा मोल चाळीस ग्रॅम, सोडियमचा तेवीस. कळपातली डोकी तितकीच, वजनं मात्र निराळी. हे मी लिहून लिहून मार्क मिळवले होते. वजन करतो तेव्हा आपण खरं तर मोजत असतो, हे मला तुमच्या लोकरीच्या पोत्यानं कळलं, आबा. तेव्हा मी तुम्हाला हे सांगितलं नाही. लॅबवाल्या ताईनं मेंढपाळाकडून शिकायचं म्हणजे जरा अवघड होतं.

मग मी कागदावर समीकरण मांडून दाखवलं. तुमच्या मातीत धुण्याचा सोडाही होता, म्हणून तो घेतला. सोडा एकशे सहा, कॅल्शियम सल्फेट एकशे छत्तीस. बाणाच्या पलीकडं चुनखडी शंभर आणि सोडियम सल्फेट एकशे बेचाळीस. तुम्ही बोटांच्या पेरांवर बेरीज केलीत, आधी डावीकडची, मग उजवीकडची. दोन्हीकडं दोनशे बेचाळीस आली. तुम्ही पुन्हा केलीत.

"काय हरवलं न्हाई."

"काहीच हरवत नाही आबा. कधीच नाही."

"ह्यात लांडगा न्हाई मग." आणि मोठ्यानं हसलात.

जाताना तुम्ही चिठ्ठी नेलीत. एकरी दोन टन, म्हणजे पन्नास किलोच्या चाळीस गोण्या. तो आकडा मी माझ्या स्वतःच्या तक्त्यावरून काढला होता. जुना तक्ता जुन्या मापांत होता, कुणाला वाचता येत नसे. मी समीकरणापासून सुरुवात करून, मातीची खोली, मालातली भेसळमाती सगळं धरून, गोण्यांमध्ये नवा तक्ता केला होता आणि भिंतीवर लावला होता. त्याचा मला अभिमान होता.

पंधरवड्यानं तुम्ही आलात ते मावशींना घेऊन. मावशींच्या पिशवीत तवा होता. त्या खुर्चीत बसल्याच नाहीत.

"बघा हो बाई, काय केलं ह्यांनी. आता भाकरी काय ह्यांच्या टकलावर भाजू?"

तव्यावर पांढरा खडक धरला होता. खरवडूनही निघत नव्हता.

तुम्ही खालच्या आवाजात सांगितलंत. व्यापारी जिप्समवर पाणी मारतो असा तुम्हाला संशय आला होता. म्हणून एक किलो तोलून घेतलं आणि तव्यावर सुकवलं. हाताला तर ती भुकटी कोरडी लागत होती. पण तवा तापला तशी ती उकळायला लागली. "ताई, कोरडं पीठ, आन् दुधावानी उकळ्या. मी हिला हाक मारली. हिनंबी बगितलं."

"बघितलं," मावशी म्हणाल्या. "भूत लागल्यागत हालत हुतं."

थंड झाल्यावर तुम्ही पुन्हा तोललंत. किलोतले आठशे आणि वर थोडं, एवढंच उरलं. मग शेवटचा प्रयोग म्हणून तुम्ही त्यावर पाणी शिंपडलं आणि तव्याचा दगड झाला.

"लांडगा कुठं हाय ते दावा, ताई. तुमी तर म्हणला हुता, कायच हरवत न्हाई."

मी तुम्हाला समजावायला बसले. व्यापाऱ्यानं काही केलेलं नाही. जिप्समच्या दगडात पाणी असतंच, जन्मापासून. एका कॅल्शियम सल्फेटला दोन पाणी, पक्की जोडलेली. ते हाताला लागत नाही, पिळून निघत नाही, भाजलं की निघतं. तुम्ही म्हणालात, हाताला लागत न्हाई ते पाणी कसलं. आपल्या वादाची सुरुवात तिथं झाली. मी म्हटलं, थांबा, दाखवते.

तुमच्या गोणीतला माल मातीमिश्रित, म्हणून बाटलीतलं शुद्ध जिप्सम घेतलं. सोपं पडावं म्हणून बरोबर एक पूर्णांक बहात्तर ग्रॅम तोललं. मुशीत घालून भट्टीत ठेवलं. मावशी तेवढ्या वेळात लॅबमधल्या सिंकमध्ये वाळूनं तवा घासत होत्या. मूस थंड झाली, पुन्हा तराजूवर ठेवली. तुम्ही माझ्या खांद्यावरून बघत होतात.

एक पूर्णांक छत्तीस.

आबा, त्या आकड्यावर माझी नजर अडकली. एकशे छत्तीस. भिंतीवरच्या माझ्या तक्त्याच्या पहिल्या ओळीत हाच आकडा होता. समीकरणात कॅल्शियम सल्फेट नुसतं लिहितात, पाण्याशिवाय, कारण पाणी त्या देवाणघेवाणीत भाग घेत नाही. मी समीकरणातलं वजन उचललं आणि गोणीला लावलं. पण गोणीतला माल भाजलेला नसतो. तो एकशे बहात्तरचा असतो. त्यातले छत्तीस भाग पाणी. तुमच्या भाषेत, मेंढराचं माप मी शेळीला लावलं होतं.

पाच गोण्यांमागं एक गोणीभर नुसतं पाणी होतं, आणि ते मी औषध म्हणून मोजलं होतं.

"काय झालं?" तुम्ही विचारलंत.

"आबा, तुम्हाला चाळीस गोण्या सांगितल्या त्या कमी आहेत."

"म्हंजी चूक व्यापाऱ्याची न्हाई."

"नाही."

"मग कुणाची?"

"माझी."

मावशींचं घासणं थांबलं. म्हणाल्या, "बरं झालं म्हणायचं तवा गेला."

तुम्ही हसला नाहीत. मी तिथंच भागाकार केला. एकशे बहात्तर भागिले एकशे छत्तीस. चार गोण्या सांगितल्या असतील तर पाच हव्यात, आणि वर तीन किलो. तुमच्या चाळीसच्या जागी पन्नास गोण्या आणि तीस किलो. चिठ्ठी दुरुस्त केली, सही केली. तुम्ही ती घडी करून ठेवलीत आणि माझ्या टेबलावरच्या वहीकडं बोट केलंत.

"ह्या बाकीच्यांचं काय?"

वहीत तेवीस नावं होती, तुम्हाला सोडून. काही दौंडकडची, काही नदीपलीकडची, शिरूर तालुक्यातली. सगळ्यांना मी त्याच तक्त्यावरून चिठ्ठ्या दिल्या होत्या.

"पत्रं टाकते," मी म्हटलं.

टाकली नाहीत. लिहिली होती, तेवीसच्या तेवीस. पण त्याच महिन्यात माझं कायम होण्याचं ठरणार होतं. तेवीस जणांना चूक कळवली की त्यातले चार तरी वर साहेबांकडं जाणार, हे दिसत होतं. मी स्वतःला समजावलं की शेतात कुठं इतकं काटेकोर असतं, पाऊस कमीजास्त, चर कुणी खोल काढतो, कुणी काढतच नाही. हिशोबाचं शिक्षण असलं की हिशोबाच्या आड लपताही चांगलं येतं. तक्ता तेवढा बदलला. पुढं आलेल्यांना चिठ्ठ्या बरोबर गेल्या. मागचे राहिले.

नंतर तुम्ही चर किती खोल काढू ते विचारायला आलात. जाता जाता म्हणालात, "गेली का पत्रं?"

"गेली."

तुम्ही तराजूकडं बघितलंत. "बरं," म्हणालात. त्यानंतर कधी विचारलं नाहीत. मला वाटलं, विसरलात.

त्या पावसाळ्यानंतर तुम्ही मला रान बघायला बोलावलंत. मी अशी कुणाच्या रानात जात नसे. गेले. तुम्ही वाफ्यात पाणी तुंबवून ठेवलं होतं. गेल्या वर्षीपर्यंत आठ दिवस गढूळ राहणारं ते पाणी, त्यातून तळ दिसत होता. ढेकळं दिसत होती, गवताची जुनी मुळं दिसत होती. बाटलीत पाहिलं होतं तेच, पण एक एकरभर. कडेच्या चरातून पाणी झुळझुळ बाहेर जात होतं आणि त्यात तुमचं सोडियम चाललं होतं, जोडीजोडीनं. प्रत्येक जोडीच्या जागी एक कॅल्शियम बसलेलं. कुणी बघत नसताना, कुणी मोजत नसताना, माझ्या कागदावर लिहिलेल्या त्याच प्रमाणात. मी बांधावर उभी राहिले. एवढी वर्षं मी हे आकडे हाताळत होते. पण ते एका जिवंत रानात, चिखलात, पायाखाली पाळले जातात, एकाचाही चुकारपणा न होता, यावर माझा आतून विश्वास नव्हता असं त्या दिवशी लक्षात आलं. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत होतात. म्हणालात, "काय ताई, पैल्यांदाच बगताय जनु."

हो आबा, पहिल्यांदाच.

आधी तुम्ही ताग पेरून खतासाठी गाडलात. मग गहू. पहिल्या वर्षी विरळ, दुसऱ्या वर्षी बरा. मुलानं वीटभट्टीचं नाव काढणं सोडलं. उरलेल्या दोन एकरांचा हिशोब तुम्ही स्वतः मांडून आणलात, वहीच्या पानावर, पाण्यासकट. मी तपासला. बरोबर होता.

नंतर तुम्ही कामाशिवायही यायला लागलात. बाजाराच्या दिवशी, एसटीला वेळ असला की. अणू कुणी बघितलाय का, हा तुमचा एक प्रश्न. नाही म्हटलं की म्हणायचात, "मग दोनच हाकलतंय कशावरनं? अडीच का न्हाई?" मी म्हणायचे, अर्धं मेंढरू चालताना बघितलंय का कधी? आणि मग फिरून कोरड्या पाण्यावर. मी एकदा भाजलेलं जिप्सम पाण्यात कालवून तुमच्या हातावर घट्ट होऊ दिलं. घट्ट होताना ते गरम होतं. तुम्ही म्हणालात, "घरी परतलं म्हणून आनंद झालाय त्याला. पर पाणी न्हवं ते. पाणी व्हतं, आता दगड झालं. माणूस मेल्यावर त्याला माणूस म्हणता का?" मी म्हटलं, आबा, हा मुद्दा केमिस्ट्रीचा नाही. तुम्ही म्हणालात, तुमाला उत्तर न्हाई म्हणून. आजही नाही.

मी कायम झाले. बढती मिळाली. तक्त्याला काच बसवली. तुम्ही आलात की तुमची नजर त्या तक्त्यावरून जायची आणि मी चहा मागवायची घाई करायची.

गेल्या महिन्यात तुम्ही गेलात. दहाव्याला नदीवर आले. विधी झाला, मंडळी मांडवात टेकली. एक पन्नाशीचे शेतकरी माझ्याजवळ आले. नदीपलीकडचे, शिरूर तालुक्यातले. चेहरा ओळखीचा वाटेना.

"तुमी लॅबवाल्या ताई न्हवं? तुमचा निरोप पोचला व्हता बरं का तवा."

"कसला निरोप?"

"आबा आलं व्हतं की. चालत. म्हणलं, ताईनं पाठवलंय. चिठ्ठीत दगडातलं पाणी धरायचं राह्यलंय, चार गोण्यांमागं एक वाढवा, आन् वर तीन किलो. मी म्हणलं, तीन किलोनं काय हुतंय? तर म्हणलं, ताई गिरामपर्यंत मोजती, तीन किलो सोडायचं न्हाई."

शेजारी बसलेल्या एकानं मान वळवली. "आमच्याकडंबी आलं व्हतं. मला म्हणलं, नुसतं ऐकू नगा, तव्यावर भाजून बगा. भाजलं. तवा गेला."

"तुमचाबी गेला?"

"म्हंजी काय. बायकू दोन दिस बोलली न्हाई."

ते हसत होते आणि मी उभी होते. तुमचे गुडघे, आबा. एसटीची पायरी चढताना तुम्ही दोन्ही हातांनी दांडी धरायचात. त्या गुडघ्यांवर तुम्ही नदीच्या दोन्ही बाजूला गावोगाव हिंडलात. वही तुम्ही कधी उघडली नव्हती. तुम्हाला गरजही नव्हती. मेंढरांनी जिथं जिथं माती चाटली होती ती सगळी चोपण रानं तुम्हाला तोंडपाठ होती. गावात जाऊन दौंडची चिठ्ठी कुणाकडं आहे एवढं विचारायचं उरलं होतं. माझं खोटं तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही मला बोललाही नाहीत. माझी चूक तुम्ही माझ्याच नावानं दुरुस्त केलीत, आणि वर बाजाराच्या दिवशी येऊन माझ्याशी पाण्यावरून भांडलात.

मी त्या शेतकऱ्यांना म्हटलं, "मी पाठवलं नव्हतं त्यांना."

पहिले म्हणाले, "ते म्हायती हाय, ताई."

"कसं?"

"ताईनं पाठवलंय म्हणताना आबा सारखं जमिनीकडं बगत व्हतं. खोटं बोलायचा सराव न्हवता त्यांना. पर हिशोब तव्यावर बराबर निघाला. मग कुणी का पाठवंना, म्हणलं, टाका गोण्या."

घरी येऊन मी जुनी वही काढली. दोन आठवडे विचारपूस केली, फोनवर, बाजारात, एसटी स्टँडवर. तेवीसपैकी एकोणीस जणांकडं तुम्ही पोचला होतात. चौघं राहिले होते, सगळे शिरूरच्या पलीकडचे, घोड नदीच्या काठचे. तिथवर गुडघे गेले नसावेत. किंवा तुम्हाला वाटलं असेल, चार तरी ताईला ठेवावेत. नाही, हे दुसरं मी माझ्या समाधानासाठी म्हणते. तुम्ही असला हिशोब करणारे नव्हतात.

काल रविवार होता. शिरूरला उतरून जीप धरली आणि वहीतल्या पहिल्या नावाच्या घरी गेले. ज्यांच्या नावाची चिठ्ठी होती ते वारलेत. त्यांच्या पत्नी भेटल्या, माझ्याच वयाच्या. मी ओसरीवर उभ्या उभ्या सांगून टाकलं. इतक्या वर्षांपूर्वीची चिठ्ठी चुकीची होती. गोण्या कमी सांगितल्या. चूक माझी.

त्यांनी विचारलं, "मग तवाच का न्हाई सांगितलं?"

"नोकरी जाईल असं वाटलं."

"गेली का?"

"नाही. बढती मिळाली."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. बसा म्हणाल्या नाहीत. आत जाऊन कुदळ घेऊन आल्या आणि पुढं चालायला लागल्या. रान बरं होतं, पण खालच्या अंगाला सतरंजीएवढाले पांढरे चट्टे होते. मोजून बघितले, सात.

"हे आमचे मालक जाईस्तवर आपल्या कष्टाला नावं ठेवायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, आपलंच कायतरी चुकतंय. चर पुन्हा पुन्हा खोदायचे."

मी कुदळीला हात घातला. त्यांनी दिली. सात चट्ट्यांत सात खड्डे घेतले, नऊ-नऊ इंच खोल, बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घेतली. हाताला फोड आले. त्या बांधावर बसून बघत होत्या. मदत केली नाही, ते बरोबरच होतं. पिशवी बांधली आणि तिच्यावर त्यांच्या मालकांचं नाव घातलं, तर त्या म्हणाल्या, "माझं घाला. रान आता माझं हाय."

नाव खोडून त्यांचं घातलं.

"किती टाकावं लागंल आता?"

"आधी मोजते. मग येऊन सांगते."

माती आज वाळत घातली आहे. पुढच्या रविवारी उत्तर घेऊन जाईन, आणि तिथूनच पुढच्या गावाला. अजून तिघं आहेत, आबा.